कुरूप समजून काढलेली गाठ कॅन्सरची निघाली तर? घामाच्या ग्रंथींच्या दुर्मीळ कॅन्सरबद्दल सगळं काही

पायाच्या तळव्याला कुरूप झालं की सातारा-सांगलीच्या गावांमध्ये अजूनही आधी घरचे उपाय होतात. कोणी बिब्ब्याचा चटका देतं, कोणी ब्लेडने खरवडतं, कोणी मेडिकलमधून पट्टी आणून चिकटवतं. बहुतेक वेळा ते खरंच कुरूप असतं आणि विषय तिथेच संपतो.

पण फार थोड्या लोकांच्या बाबतीत ही गाठ कुरूप नसते. चामखीळही नसते. ती घामाच्या ग्रंथीतून वाढलेली कॅन्सरची गाठ असते. या कॅन्सरचं नावही अनेकांनी ऐकलेलं नसतं आणि बऱ्याच डॉक्टरांनाही अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये असे एक-दोनच रुग्ण दिसतात.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे वेळेत कळलं आणि पहिलं ऑपरेशन नीट झालं, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. अडचण आहे ती 'वेळेत कळण्याची'. हा आजार नेमका काय आहे, त्यावर उपचार काय आणि रुग्णाने काय काळजी घ्यायची, ते समजून घेऊ.

घामाच्या ग्रंथी असतात कुठे?

माणसाच्या त्वचेत साधारण २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार एक्रिन ग्रंथींचा. या जवळपास सगळ्या अंगावर असतात आणि तळहात-तळपायांवर सर्वात दाट असतात. उन्हात काम करताना जो पाण्यासारखा घाम येतो, तो यांच्यातून. शरीर थंड ठेवणं हे त्यांचं काम.

दुसरा प्रकार अपोक्राइन ग्रंथींचा. या काख, जांघ, गुप्तांग, गुदद्वार आणि स्तनाग्रांच्या आसपास असतात. वयात आल्यावर त्या काम करू लागतात. पापणीच्या कडेला आणि कानाच्या आतही याच जातीच्या ग्रंथी असतात.

यातल्या कुठल्याही ग्रंथीच्या किंवा तिच्या नळीच्या पेशी बेसुमार वाढू लागल्या, की घर्मग्रंथींचा कॅन्सर होतो.

हा एकच कॅन्सर आहे का?

नाही. हे एक मोठं कुटुंब आहे आणि त्यातला प्रत्येक सदस्य वेगळा वागतो. म्हणून रिपोर्टवर फक्त 'स्वेट ग्लँड कार्सिनोमा' एवढंच लिहिलेलं असेल, तर नेमका प्रकार विचारून घ्यायला हवा. मुख्य प्रकार असे:

पोरोकार्सिनोमा: यातला सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारांपैकी एक. पिंकस आणि मेहरेगन या डॉक्टरांनी १९६३ मध्ये त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं. तो बहुतेक साठीच्या पुढच्या लोकांमध्ये दिसतो. पायावर आणि डोक्या-चेहऱ्यावर जास्त. लालसर, सहज रक्त येणारी गाठ किंवा न भरणारी जखम असं त्याचं रूप असतं. काही वेळा वर्षानुवर्षं शांत असलेली साधी गाठ अचानक वाढू लागते आणि तपासल्यावर पोरोकार्सिनोमा निघतो.

हिड्राडेनोकार्सिनोमा: त्वचेखाली घट्ट गाठ म्हणून सुरू होतो. परत येण्याची आणि पसरण्याची प्रवृत्ती जास्त.

मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा: चेहऱ्यावर, विशेषतः वरच्या ओठाजवळ होतो. जुन्या व्रणासारखा दिसतो आणि फार हळू वाढतो. शरीरात दूर क्वचितच पसरतो, पण नसांच्या कडेने खोल शिरतो. त्यामुळे काहींना तिथे बधिरपणा जाणवतो.

डिजिटल पॅपिलरी ॲडेनोकार्सिनोमा: हाताच्या किंवा पायाच्या बोटांवर होतो, पुरुषांमध्ये जास्त. दिसायला साधी पाण्याची गाठ वाटते. हा फुप्फुसात पसरू शकतो आणि कधी कधी ऑपरेशननंतर अनेक वर्षांनी.

म्युसिनस कार्सिनोमा: पापणीच्या आसपास जास्त. वाढ संथ असते, पण त्याच जागी पुन्हा येऊ शकतो.

एक्स्ट्रामॅमरी पॅजेट्स डिसीज: गुप्तांग, जांघ किंवा गुदद्वाराजवळ खाजरा, लाल चट्टा येतो. नायटा समजून वर्षानुवर्षं मलम लावलं जातं आणि निदान लांबतं. काही रुग्णांमध्ये यासोबत गुदाशय किंवा मूत्राशयाचा कॅन्सरही असतो, म्हणून त्या तपासण्याही कराव्या लागतात.

किती दुर्मीळ आहे?

पोरोकार्सिनोमाचं प्रमाण त्वचेच्या सगळ्या कॅन्सरमध्ये साधारण ०.००५ ते ०.०१ टक्के असल्याचं वैद्यकीय साहित्यात सांगितलं जातं. म्हणजे त्वचेच्या कॅन्सरच्या दहा हजार रुग्णांमागे जेमतेम एखादा.

अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदणीचा १९७८ ते २००५ या काळातला अभ्यास आहे. त्यात घामाच्या, तेलाच्या आणि त्वचेतल्या इतर ग्रंथींचे कॅन्सर एकत्र मोजले होते. तरीही आकडा दर वर्षी दहा लाख लोकांमागे सुमारे ५ इतकाच होता.

रुग्ण इतके कमी असल्यामुळे मोठ्या चाचण्या करून 'हेच औषध सर्वात चांगलं' असं ठरवता आलेलं नाही. उपचारांचे निर्णय जगभरातल्या छोट्या-छोट्या अभ्यासांवर आणि डॉक्टरांच्या अनुभवावर घेतले जातात. दोन डॉक्टरांचा सल्ला थोडा वेगळा आला, तर त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

जास्त घाम येतो म्हणून हा कॅन्सर होतो का?

नाही. जास्त घाम येणं आणि हा कॅन्सर यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. उसाच्या फडात दिवसभर घाम गाळणाऱ्याला हा धोका जास्त असतो, असं मानायला आधार नाही.

मग होतो कशामुळे? बहुतेक रुग्णांमध्ये एकच एक कारण सापडत नाही. वाढतं वय, चेहऱ्यावर वर्षानुवर्षं पडलेलं ऊन, आधी कधी घेतलेलं रेडिएशन आणि कमी झालेली प्रतिकारशक्ती, उदाहरणार्थ किडनी बदलल्यावर चालू असलेली औषधं, या गोष्टींचा काही प्रकारांशी संबंध दिसला आहे.

पेशींच्या आत काय बिघडतं, हेही हळूहळू कळतंय. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की अनेक पोरोमा आणि पोरोकार्सिनोमामध्ये वायएपी१ नावाचं जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला चिकटलेलं असतं. २०२२ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांना बोटांवरच्या डिजिटल पॅपिलरी ॲडेनोकार्सिनोमामध्ये एचपीव्ही ४२ हा व्हायरस सापडला. अर्थात, या व्हायरसची लागण झालेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतो असं नाही.

सोशल मीडियावर अधूनमधून 'साडी कॅन्सर'ची पोस्ट फिरते. तो आजार वेगळा आहे. धोतर किंवा परकराची नाडी कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी घासून तिथे होणाऱ्या या कॅन्सरबद्दल डॉ. वसंत खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच लिहिलं होतं. पण तो त्वचेच्या वरच्या थराचा कॅन्सर आहे, घामाच्या ग्रंथींचा नाही.

कधी शंका घ्यायची?

दिसण्यावरून हा कॅन्सर ओळखणं अनुभवी डॉक्टरांनाही कठीण जातं. तो कुरूप, चामखीळ, गळू, चरबीची गाठ किंवा नायटा, काहीही वाटू शकतो. पण पुढची लक्षणं असतील तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरांकडे जायला हवं:

• बरीच वर्षं तशीच असलेली गाठ अचानक वाढायला लागली.
• गाठीतून वारंवार रक्त येतं किंवा ती फुटून चिघळली.
• जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही.
• एकदा काढलेली गाठ त्याच जागी परत आली.
• गाठीच्या जागी बधिरपणा किंवा मुंग्या जाणवतात.
• जांघेतला किंवा गुप्तांगावरचा चट्टा महिन्या-दोन महिन्यांच्या मलमाने गेला नाही.

आणखी एक लक्षण गावाकडे हमखास दुर्लक्षित होतं. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. जखम भरली की ते जातंही. पण पायावर जुनी गाठ आहे आणि जांघेतलं अवधाण कडक होऊन तसंच राहिलंय, तर ते कॅन्सर लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचल्याचं लक्षण असू शकतं.

तळपायावरच्या काळ्या डागाचंही तेच. भारतीयांमध्ये मेलेनोमा हा त्वचेचा घातक कॅन्सर बऱ्याचदा तळपायावरच होतो. त्यामुळे तिथला वाढणारा काळा डाग किंवा गाठ बिब्ब्याने जाळणं हा धोक्याचा उपाय आहे. चटक्याने खरा आजार झाकला जातो आणि तपासणीचा वेळ निघून जातो.

निदान कसं होतं?

बायोप्सीशिवाय निदान होत नाही. गाठीचा तुकडा किंवा छोटी असेल तर पूर्ण गाठ काढून पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाठवली जाते. तिथे ती मायक्रोस्कोपखाली तपासतात.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. छोट्या दवाखान्यात 'साधी गाठ आहे' म्हणून ती भूल देऊन काढली जाते आणि कचऱ्यात टाकली जाते. वर्षभराने ती परत येते, तेव्हा आधी ती काय होती हे सांगणारा कोणताच पुरावा नसतो. म्हणून शरीरातून काढलेली कुठलीही गाठ तपासायला पाठवा असा आग्रह धरणं रुग्णाच्या हिताचं आहे. डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्याचा हा प्रकार नाही, ही साधी पद्धत आहे.

रिपोर्ट आल्यानंतरही एक प्रश्न उरतो. स्तन, फुप्फुस किंवा आतड्याचा कॅन्सर त्वचेत पसरला, तर तोही मायक्रोस्कोपखाली घामाच्या ग्रंथीच्या कॅन्सरसारखा दिसू शकतो. काखेतल्या गाठीच्या बाबतीत हा गोंधळ जास्त होतो. तो सोडवण्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही वेगळी तपासणी करतात. गरजेप्रमाणे सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा पेट स्कॅन सांगितला जातो.

आजार दुर्मीळ असल्याने दुसऱ्या तज्ज्ञाकडून स्लाइड तपासून घेणं इथे विशेष महत्त्वाचं आहे. त्यासाठी रिपोर्टच्या कागदासोबत काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्यावेत. ते नसतील तर मोठ्या रुग्णालयात पुन्हा बायोप्सी करावी लागू शकते.

उपचार काय असतात?

ऑपरेशन: हाच मुख्य उपचार. गाठीसोबत तिच्या भोवतीची थोडी निरोगी दिसणारी त्वचाही काढतात. ही कड साधारण १ ते २ सेंटीमीटरची असते. जागा आणि प्रकार पाहून ती कमी-जास्त होते. काढलेल्या भागाच्या सगळ्या कडा कॅन्सरमुक्त आहेत का, हे लॅब सांगते. रिपोर्टमधला 'मार्जिन फ्री' किंवा 'मार्जिन निगेटिव्ह' हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा. मार्जिन पॉझिटिव्ह असेल, तर बहुतेक वेळा पुन्हा ऑपरेशन करावं लागतं.

मोज सर्जरी: फ्रेडरिक मोज या अमेरिकी सर्जनने १९३०च्या दशकात ही पद्धत सुरू केली. यात त्वचेचा पातळ थर काढून तो लगेच तपासतात आणि कॅन्सर जिथे शिल्लक असेल तिथलाच पुढचा थर काढतात. चेहऱ्यावरच्या कॅन्सरसाठी ही पद्धत विशेष उपयोगी आहे, कारण चांगली त्वचा वाचते. भारतात ती मोजक्याच ठिकाणी होते. जिथे ती सोय नाही, तिथे कडांचा रिपोर्ट आल्यानंतर त्वचारोपण करण्याचा पर्याय असतो.

बोटाचं ऑपरेशन: बोटावरच्या कॅन्सरमध्ये काही वेळा बोटाचा भाग काढावा लागतो. हे ऐकून अनेकजण उपचारच सोडतात. प्रत्येकाचं बोट काढावंच लागतं असं नाही. पण अर्धवट काढलेली गाठ परत आली, तर नंतरचं ऑपरेशन जास्त मोठं होतं.

लसिका ग्रंथी: जांघेत किंवा काखेत गाठ लागत असेल, तर सुईने तपासणी करतात. तिथे कॅन्सर सापडला, तर त्या भागातल्या ग्रंथी काढतात. गाठ लागत नसली तरी धोका जास्त वाटल्यास पहिली ग्रंथी शोधून तपासण्याचा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात. त्याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात.

रेडिएशन: लोक ज्याला 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात, तो हा उपचार. कडा स्वच्छ नसतील, नसांमध्ये कॅन्सर शिरला असेल किंवा लसिका ग्रंथींमध्ये सापडला असेल, तर ऑपरेशननंतर तो देतात. ऑपरेशन शक्यच नसेल तिथेही वापरतात.

किमोथेरपी आणि नवी औषधं: कॅन्सर दूरवर पसरला असेल तरच किमोचा विचार होतो. प्लॅटिनम, टॅक्सेन किंवा फाइव्ह-एफयू गटातली औषधं वापरली जातात. काहींना फायदा होतो, पण तो टिकेलच असं नाही. गाठीत हर२ किंवा हार्मोन रिसेप्टर सापडले, तर स्तनाच्या कॅन्सरची काही औषधं उपयोगी पडल्याची उदाहरणं आहेत. इम्युनोथेरपीचा उपयोगही काही रुग्णांमध्ये दिसला आहे. ही औषधं महाग आहेत. त्यामुळे आपल्या रुग्णाला फायद्याची शक्यता किती, हे स्पष्ट विचारूनच कर्ज काढायचं की नाही ते ठरवावं.

रुग्ण बरा होतो का?

याचं उत्तर मुख्यतः एका गोष्टीवर अवलंबून आहे. निदान झालं तेव्हा कॅन्सर कुठपर्यंत पोहोचला होता?

आधी उल्लेख केलेल्या अमेरिकी अभ्यासात कॅन्सर जागच्या जागी असलेल्या रुग्णांचा पाच वर्षं जगण्याचा सापेक्ष दर ९९ टक्के होता. दूरवर पसरलेल्यांमध्ये तो ४३ टक्क्यांवर आला. सापेक्ष दर म्हणजे त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांशी केलेली तुलना.

फक्त पोरोकार्सिनोमाचा विचार केला, तर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला ६९ रुग्णांचा अभ्यास आजही आधाराला घेतला जातो. त्यात ज्यांचा पाठपुरावा झाला, त्यांच्यापैकी सुमारे १७ टक्के रुग्णांमध्ये कॅन्सर त्याच जागी परत आला. सुमारे १९ टक्के रुग्णांमध्ये तो लसिका ग्रंथींपर्यंत गेला. सुमारे ११ टक्के रुग्णांमध्ये तो दूर पसरला किंवा रुग्णाचा मृत्यू झाला.

याच अभ्यासात धोका वाढवणाऱ्या तीन गोष्टी दिसल्या: गाठीची खोली ७ मिलिमीटरपेक्षा जास्त असणं, पेशी वेगाने विभागत असणं आणि रक्त किंवा लसिका वाहिन्यांमध्ये कॅन्सर शिरलेला असणं. या तिन्ही गोष्टी पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये असायला हव्यात. नसतील तर लॅबकडून लिहून मागता येतात.

लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचल्यावर आजार अवघड होतो, हे खरं आहे. तरी हे सगळे आकडे गटाचे आहेत. एखाद्या रुग्णाचं काय होईल, हे त्यावरून सांगता येत नाही.

उपचार संपल्यावरही तपासणी थांबवायची नसते. पहिली दोन-तीन वर्षं साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा दाखवायला बोलावतात. बोटांवरच्या प्रकारात तर दहा वर्षांनीही फुप्फुसात गाठ सापडू शकते. त्यामुळे 'आता काही त्रास नाही' म्हणून फाइल माळ्यावर टाकू नये.

सातारा-सांगलीतल्या रुग्णांनी कुठे जायचं?

पहिला टप्पा घराजवळ होऊ शकतो. बायोप्सी करायला मुंबई गाठायची गरज नाही. साताऱ्याचं आणि मिरजेचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि कराडचं कृष्णा रुग्णालय अशा ठिकाणी त्वचारोग, सर्जरी आणि पॅथॉलॉजी हे विभाग एकाच छताखाली मिळतात. त्यातलं मिरजेचं सरकारी महाविद्यालय १९६२ पासूनचं. त्याच्याही आधी, १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून हे शहर उपचारांसाठी ओळखलं जातं. आज मिरज, कराड आणि सातारा परिसरात कॅन्सरवर उपचार करणारी रुग्णालयंही आहेत.

दुसरा टप्पा म्हणजे तज्ज्ञांचं मत. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून सुरू आहे आणि दुर्मीळ कॅन्सरचे रुग्ण तिथे देशभरातून येतात. तिथे स्लाइड तपासून उपचारांचा आराखडा घ्यायचा आणि शक्य ते उपचार गावाजवळ करायचे, असा मार्ग डॉक्टरांशी बोलून काढता येतो. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालू शकतं. तेवढे दिवस मुंबईत खोली घेऊन राहणं प्रत्येक कुटुंबाला जमत नाही.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, किमो आणि रेडिएशन यांचा समावेश आहे. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती सगळ्या कुटुंबांना लागू करण्याचा आणि संरक्षण वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' यांना भेटायचं. कुठलं रुग्णालय योजनेत आहे, हे १५५३८८ या क्रमांकावर विचारता येतं. महत्त्वाचं म्हणजे दाखल होण्याआधीच विचारावं.

कॅन्सरच्या उपचारांसाठी रेल्वे प्रवासातही सवलत आहे. रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल, तर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. कोल्हापूरहून मिरज, सांगली, कराड, सातारा करत मुंबईला जाणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाणाऱ्या रुग्णांनाही तिचा लाभ घेता येतो.

डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे?

• काढलेली गाठ तपासायला पाठवली का? रिपोर्ट कधी मिळेल?
• कॅन्सरचा नेमका प्रकार कोणता?
• तो त्वचेतच सुरू झालाय की दुसरीकडून आलाय, हे नक्की झालं का?
• कडा स्वच्छ आहेत का? खोली किती आहे?
• जांघेतल्या किंवा काखेतल्या ग्रंथी तपासल्या का?
• स्लाइड आणि ब्लॉक कुठून मिळतील?
• पुढची तपासणी कधी आणि किती वर्षं?

हे प्रश्न कागदावर लिहून नेले तरी चालतं. डॉक्टरांसमोर बसल्यावर अर्धे प्रश्न विसरतात, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.

अंगावरच्या प्रत्येक गाठीला घाबरायचं कारण नाही. शंभरातल्या जवळपास सगळ्या गाठी साध्याच असतात. पण वाढणारी, रक्त येणारी किंवा परत येणारी गाठ जाळू नये. ती डॉक्टरांना दाखवावी आणि काढली तर लॅबमध्ये पाठवल्याची पावती जपून ठेवावी. या कॅन्सरमध्ये अनेकदा त्या एका रिपोर्टवरच पुढचं सगळं अवलंबून असतं.

(ही माहिती सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचारांचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)